कागदाला कोरस नसतो

तीन नंबरच्या रिॲक्टरचं काही बिघडलं, तर मीटरच्या आधी सुशांतच्या कानाला कळायचं. आतल्या ढवळणीचा सूर जरा उतरला, की तो हातातला चहा तसाच ठेवून उठायचा. सोळा वर्षं तो महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात होता, आणि त्याहून जास्त वर्षं भिकाजी तात्यांच्या गायन पार्टीत कोरसला. कान तयार झाला तो तिथंच. ढोलकी असो की पोलादाचं पिंप, तालातून गेलेलं त्याला सहन होत नसे.

पण त्या मंगळवारी अख्ख्या प्लँटने ऐकलं, ते सुशांतचं इंग्रजी.

त्याचं असं झालं. जुने पाळीप्रमुख रामजी निवृत्त होऊन तीन महिने लोटले होते आणि त्यांची खुर्ची रिकामीच होती. सुहाससाहेबांनी, म्हणजे प्लँटच्या मॅनेजरांनी, सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात गुरुवारी आपला माल घेणाऱ्या कंपनीची ऑडिटर येतेय, परदेशातून. तिला माझं भाषण नकोय. एक पाळी दुसऱ्या पाळीला काम कसं सोपवते, ते फ्लोअरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय, इंग्रजीत. ज्याला जमेल त्याला रामजींची जागा. नाही जमलं, तर हर्षद आहेच."

हर्षद पुण्याहून डिप्लोमा करून आलेला. पोरगा सरळ, इंग्रजी पाण्यासारखं. पण कुठल्या व्हॉल्व्हला हात लावला तर चटका बसतो, हे त्याला अजून कागद बघून सांगावं लागे. सुशांतच्या तळहातावर त्या चटक्यांचा नकाशाच होता. ती जागा आपली आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. अडसर होता तो फक्त भाषेचा, आणि त्यासाठी तो तीन महिने बिरवाडीच्या क्लासला जात होता.

म्हणून दुपारी पाळी बदलताना वॉकीटॉकीवर सराव सुरू झाला, तेव्हा सगळ्यात आधी बटण दाबलं ते त्यानेच.

"गुड आफ्टरनून. धिस इज सुशांत स्पीकिंग. आय हॅव चेक्ड द टेम्परेचर ऑफ द रिॲक्टर नंबर थ्री, अँड द टेम्परेचर ऑफ द रिॲक्टर नंबर थ्री इज..."

पलीकडून सयाजीचा आवाज आला. हा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. अकरा वर्षं रोज दुपारी तीनला सुशांतच्या हातून काम घेणारा. "अरे आकडा सांग रे सुशांत. तवर त्याची पेज होईल."

सगळा मजला हसला. सुहाससाहेब हसले नाहीत, त्यांनी घड्याळ पाहिलं. ते जास्त लागलं.

पहिली पाळी सुटली तसा सुशांत मोटारसायकलवरून थेट बिरवाडीला गेला. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, सहा बाकं, आणि बाकांवर अंगाला औषधाचा वास चिकटलेली माणसं. फळ्याच्या माथ्यावर एक ओळ कायमची लिहिलेली: पूर्ण वाक्यात बोला. तिथं डस्टर कधी पोहोचत नसे. क्लास प्रियदर्शिनीचा. ती भिकाजी तात्यांची मुलगी. ती लहान असताना सुशांतने तिला बोट धरून कार्यक्रमाला नेलं होतं. पण इथं ती मॅडम आणि तो विद्यार्थी, यात दोघांनाही कधी वावगं वाटलं नाही.

बाकीचे गेल्यावर त्याने प्लँटवरची गोष्ट सांगितली, सयाजीच्या पेजेसकट.

"मॅडम, माझं वाक्य चुकलं काय?"

"एक अक्षरही चुकलं नाही, सुशांतदादा."

"मग हसले का?"

प्रियदर्शिनीने फळ्याच्या माथ्याकडे पाहिलं. त्या फळ्यावरच्या ओळीमागे तिचं स्वतःचं दुखणं होतं. मुंबईला शिकायला गेली, त्या पहिल्याच आठवड्यात वर्गात कुणीतरी काही विचारलं आणि तिने दोन शब्दांत उत्तर दिलं, तर मागून आवाज आला, "गावाकडून तुकडेच आणलेत वाटतं." त्या दिवसापासून तिच्या तोंडून अर्धं वाक्य कधी बाहेर पडलं नाही. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. तिने ते चिलखतासारखं अंगावर घातलं होतं, आणि बिरवाडीत आल्यावर तेच सगळ्यांना शिवून दिलं होतं.

"बरं," ती म्हणाली, "मराठीत कसं सांगता सयाजीदादांना? रोज तीनला?"

"त्यात काय सांगायचं?"

"म्हणून तर विचारतेय. सांगा, मी सयाजी."

सुशांतने भिंतीकडे पाहिलं, जणू तिथं रिॲक्टर आणि त्याच्या तापमानाचा काटा होता. "तीन बासष्ट. धरलंय. पाणी चालू. चार मोकळा, धुवायचा."

"झालं?"

"झालं. तो 'बरं' म्हणतो, मी हेल्मेट काढतो."

कोपऱ्यात भिकाजी तात्या ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले होते. पोलादपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम जवळ आला होता आणि क्लास सुटला की त्याच खोलीत पार्टीची तालीम असे. सत्तरी उलटलेला माणूस, आवाज मात्र अजून दोन वाड्या ओलांडून जाईल असा. तात्यांनी मान वर न करता थाप मारली आणि गायला लागले:

"भाराने वाकलं शिवारी भाताचं कणीस,
ताठ मानेनं उभा माझ्या वस्तीचा..."

"माणूस," सुशांत म्हणाला. म्हणाला कसला, तोंडातून निघूनच गेलं.

तात्या हसले. "बघ. मी तो शब्द गायलो काय? नाय. मग कुठून आला? तुझ्या तोंडात होता तो आधीच. जे समोरच्याच्या तोंडात हाय, ते आपण कशाला काढायचं गो प्रिया? मी जर सगळंच गायलो, तर कोरस काय फक्त टाळ्या पिटायला आणलाय?"

प्रियदर्शिनीने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "टीव्हीवर क्रिकेट बघता ना, इंग्रजी कॉमेंटरीवर? चेंडू पडला की तो काय म्हणतो? 'शॉर्ट. पुल्ड. फोर.' कुणी टाकला, कुणी मारला, काही नाही. आणि सगळ्या जगाला कळतं, कारण मैदान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं." ती आता उठून येरझारा घालत होती. "मला हे माहीत होतं, दादा. पुस्तकांत वाचलंय, सिनेमात ऐकलंय. फक्त आपण तसं बोललो तर लोक तुटकं म्हणतील, आणि साहेबलोक बोलले तर ऐटबाज, अशी भीती होती. भीतीच शिकवत होते मी तुम्हाला."

तिने डस्टर उचललं आणि ती ओळ पुसली. खाली लिहिलं: समोर आहे ते गाळा.

"चला. मी सयाजी."

"रिॲक्टर थ्री इज ॲट..."

"मी तिथंच उभी आहे. रिॲक्टर मला दिसतोय."

"थ्री. सिक्स्टी टू."

"आणि?"

"आय थिंक इट इज होल्डिंग."

"वाटतंय की माहीत आहे?"

सुशांतच्या डोळ्यांत रिॲक्टरवरचा माणूस जागा झाला. "होल्डिंग," तो म्हणाला.

"ऐकलंत? 'आय थिंक' गेलं आणि माणूस दोन इंच उंच झाला."

चार दिवसांत सुशांतचं इंग्रजी कोयत्यासारखं लखलखायला लागलं. "थ्री, सिक्स्टी टू, होल्डिंग. वॉटर ऑन." वॉकीटॉकीवर सयाजी म्हणायचा, "बरं," आणि मग आठवून, "ओके." हर्षदने मोकळेपणाने मान डोलावली. सुहाससाहेबांनी घड्याळ पाहायचं सोडलं. कँटीनमध्येसुद्धा सुशांत "टी?" आणि "डन," यांवर भागवू लागला. घरी रेश्माने, म्हणजे त्याच्या बायकोने, भाकरी वाढताना विचारलं, "अजून एक?" तर म्हणाला, "हाफ." ती म्हणाली, "तोंडाला कुलूप लागलंय की जिभेला टाके पडलेत? नीट सांगा, नाय तर डबाही हाफ मिळंल उद्या."

त्याने ते हसण्यावारी नेलं, आणि तिथंच फसला.

शनिवारी त्याच्या पाळीत चार आणि पाच, दोन्ही नंबरचे रिॲक्टर धुऊन झाले. धुतल्यावर आतल्या पाण्याचा नमुना लॅबला पाठवायचा, तो स्वच्छ आला की मगच नवा माल आत सोडायचा, असा दंडक. चारचा नमुना गेला होता, पाचचा जायचा होता. तुडीलला, त्याच्या गावी, त्या दिवशी भातकापणी. माणसं शेतात येऊन बसलेली. तीनला पाच मिनिटं असताना सुशांतने लॉगबुक ओढलं आणि झोकात लिहिलं, इंग्रजीत: "धुणं झालं. नमुना पाठवला. बाकी नेहमीसारखं." खाली सही ठोकली.

पुढचा माणूस समोर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. पण गेटवर सयाजीची मोटारसायकल वाजली. तिच्या सायलेन्सरचा फाटका आवाज सुशांत हजारांत ओळखायचा. सयाजी आला, म्हणजे वाचेल, म्हणजे समजेल. अकरा वर्षांत 'नेहमीसारखं' याचा अर्थ सयाजीला कधी विचारावा लागला नव्हता. सुशांत मागच्या जिन्याने उतरला आणि सावित्रीच्या काठाने तुडीलला निघून गेला. शेतात उतरताना फोन घरीच ठेवला.

मोटारसायकल सयाजीचीच होती. तिच्यावर बसून आला होता मोरू, पॅकिंगमधला. सयाजी नात्यातल्या साखरपुड्यासाठी पोलादपूरला गेला होता. बदली म्हणून मोरूला घातलं होतं आणि त्याची बस चुकेल म्हणून गाडी दिली होती.

मोरूने लॉगबुक वाचलं. कुठला धुतला? दोन्ही ओले दिसत होते. नमुना कुणाचा गेला? लॅबवाले म्हणाले, एक आलाय, बाटलीवर तारीख आहे, नंबर नाही. आणि नेहमीसारखं म्हणजे कुणाच्या नेहमीसारखं? मोरू साधा माणूस, पण शहाणा. त्याने कशालाच हात लावला नाही. सुशांतला बारा फोन केले. मग दोन्ही रिॲक्टरचे नमुने नव्याने पाठवले आणि स्टुलावर बसून राहिला. साडेतीन तास प्लँटचा तो भाग थंड पडून होता.

सोमवारी सुहाससाहेबांनी लॉगबुक सुशांतपुढे ठेवलं. आवाज चढवला नाही.

"सही कुणाची?"

"माझी."

"मोरूने अंदाजाने माल सोडला असता, तर?"

"फेकावा लागला असता, सर. चूक माझी."

"गुरुवारी ती बाई हेच पुस्तक उघडणार आहे. पान फाडता येत नाही, खोडताही येत नाही." साहेबांनी लॉगबुक मिटलं. "हर्षदला तयारीत राहायला सांगितलंय. तूही ये. बघू."

संध्याकाळी सुशांत क्लासवर गेला, तो बसला नाही. दारातच म्हणाला, "मॅडम, ती जुनी ओळ परत लिहा. पूर्ण वाक्यात बोला. लोक हसले तर हसले, माल तरी अडत नव्हता."

प्रियदर्शिनीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला. ती डस्टरकडे वळली, तोच तात्या बोलले.

"बस रे. तुला एक आमची फजिती सांगतो. पार्टी नवी होती तेव्हाची. पोलादपूरच्या पुढं कार्यक्रम होता. मी सगळ्यांना कार्ड टाकलं: रविवारी सकाळी सात, नेहमीच्या जागी. आमची नेहमीची जागा म्हंजे चवदार तळ्याची पायरी. सगळे आले, ढोलकीवाला नाय. तो नवा, चांगू नावाचा. त्याचं नेहमीचं म्हंजे पोलादपूरचा एसटी स्टँड. तो तिथं ढोलकी घेऊन दुपारपर्यंत बसला, आणि आम्ही पत्र्याच्या डब्यावर कार्यक्रम केला. संध्याकाळी भेटला तर मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, तात्या, गाण्यात तुम्ही शब्द सोडलात तर उचलायला मी शेजारी असतो. कार्डाच्या शेजारी कोण होता?" तात्यांनी ढोलकीवर हात ठेवला. "तवापासून मी एक शिकलो. कागदाला कोरस नसतो."

खाली दुकानात कुणीतरी पत्रा मोजून घेत होतं, त्याचा खणखणाट तेवढा वर आला.

"मी अर्धंच शिकवलं, दादा," प्रियदर्शिनी म्हणाली. "कॉमेंटरी सांगितली, दुसऱ्या दिवशीचा पेपर सांगितला नाही. पेपरात 'शॉर्ट, पुल्ड, फोर' नसतं. कुणी टाकला, कुणी मारला, कितव्या षटकात, सगळं असतं. कारण वाचणारा मैदानावर नव्हता." तिने खडू घेतला आणि 'समोर आहे ते गाळा' याच्या खाली दुसरी ओळ लिहिली: समोर नाही त्याच्यासाठी लिहा. "तुम्ही लॉगबुक कुणासाठी लिहिलंत?"

"सयाजीसाठी."

"आता मोरूसाठी लिहा. त्या दिवशीचंच पान. इंग्रजीत."

सुशांत बसला. कोणता रिॲक्टर, किती वाजता धुतला, कुणी धुतला, कुठला नमुना गेला, कुठला राहिला, पुढच्याने काय करायचं आणि काय करायचं नाही. पहिल्या खेपेला चौदा ओळी झाल्या. प्रियदर्शिनीने त्यातल्या पाच काढल्या. "यात तुम्ही नुसती क्षमा मागितलीय. मोरूला तिचा उपयोग नाही." दुसऱ्या खेपेला नऊ उरल्या, आणि त्यातला एकही शब्द काढता येईना. सुशांतने ते पान पुन्हा वाचलं. नव्या माणसाच्या हातात दिलं तरी त्याला घर सापडेल, असा पत्ता झाला होता तो.

"बोलायचं मात्र तसंच?" त्याने विचारलं.

"तसंच. सयाजीदादा समोर असतील, तर तसंच."

पुढचे दोन दिवस लॉगबुकातलं सुशांतचं अक्षर ओळीला ओळ लावून चाललं. वॉकीटॉकीवर मात्र तो पूर्वीसारखाच थोडका राहिला.

गुरुवारी ऑडिटर आली. उंच, पिकल्या केसांची बाई, डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, हातात वही. दुपारी तीनला ती तीन नंबरच्या शेजारी येऊन उभी राहिली. एका बाजूला सुहाससाहेब, त्यांच्या मागे हर्षद. सुशांतच्या समोर सयाजी.

"थ्री. सिक्स्टी टू, होल्डिंग," सुशांत म्हणाला. "वॉटर ऑन. फोर एम्प्टी, टू वॉश."

"ओके," सयाजी म्हणाला.

बाईने दोघांकडे पाहिलं. हे एवढंच का, असं तिने विचारलं.

"यस, मॅडम. सयाजी सीज थ्री. सीज फोर." सुशांतने लॉगबुक तिच्यापुढे धरलं. "रेस्ट हिअर. फॉर द मॅन हू कॅननॉट सी."

बाईने चष्मा लावला. आजचं पान वाचलं, कालचं वाचलं. मग मागे जात जात शनिवारच्या पानावर थांबली, आणि त्या तीन तुटक वाक्यांवर तिने बोट ठेवलं. सुहाससाहेबांनी श्वास घेतला, बोलायला तोंड उघडलं. पण सुशांत आधी बोलला. घाईने नाही, आणि मान खाली घालूनही नाही.

"माय मिस्टेक. रोट फॉर सयाजी. सयाजी नॉट देअर. मोरू केम. स्टॉप्ड एव्हरीथिंग. राइट थिंग."

"अँड नाऊ?" बाईने विचारलं.

सुशांतला वाटलं, हे उत्तर तोडून देता येणार नाही. हिच्या तोंडात ते आधीपासून नाही. त्याने एकेक शब्द जागेवर ठेवत, सावकाश सांगितलं, "नाऊ आय स्पीक फॉर द मॅन हू इज स्टँडिंग हिअर, अँड आय राइट फॉर द मॅन हू इज नॉट."

बाईने ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. आजच्या पानावरून रिॲक्टर चारचं पुढचं काम काय, हे तिने ओळींवर बोट फिरवत स्वतःच वाचून सांगितलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. मग शनिवारच्या पानाकडे परत जाऊन तिने मोरूला बोलावून घेतलं आणि त्याचा हात हातात घेतला. मोरूने पुढे चार दिवस तो हात सगळ्यांना दाखवला.

ती गेल्यावर सुहाससाहेब जिन्यापाशी थांबले. हर्षद शेजारीच होता, त्याने सुशांतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "दादा, ते लॉगबुक लिहायचं मलाही दाखवा एकदा."

"सुशांत," साहेब म्हणाले, "सोमवारपासून..." आणि पुढचं न बोलता त्यांनी रामजींच्या रिकाम्या खुर्चीकडे नुसती हनुवटी उडवली.

साहेबांनी गाळलेला शब्द सुशांतच्या तोंडात केव्हाचा होता. त्याला तो उचलून गाता आला असता. पण त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं, आणि सोळा वर्षांच्या हक्काने म्हणाला, "मला कळलं, सर. पण समोर नाय त्यांच्यासाठी लेखी द्या."

साहेब पहिल्यांदा मोकळं हसले. "देतो. पूर्ण वाक्यात."